ढिगांवरचे झेंडे

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. पस्तीस वर्षांचा संसार. माझ्या गुडघेदुखीपासून घोरण्यापर्यंत तिला सगळं ठाऊक आहे, पण हे नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढं बोलायची छाती असती, तर केव्हाच बोलून मोकळा झालो असतो, नाही का?

सेलूला एका जिनिंगमध्ये मी सव्वीस वर्षं काढली. शेवटची अकरा वर्षं यार्डाचा सुपरवायझर होतो. यार्ड म्हणजे कारखान्यापुढचं मोकळं पटांगण. हंगामात कास्तकारांचा कापूस ट्रॅक्टरनं, टेम्पोनं तिथं यायचा, ढिगांवर ओतला जायचा आणि मग आत मशिनीवर सरकी वेगळी, रुई वेगळी व्हायची. चांगला कोरडा कापूस एका ढिगावर, मध्यम दुसऱ्यावर आणि ओला तिसऱ्यावर पडतोय ना, हे बघायचं माझं काम. ओला कापूस चांगल्यात दबून राहिला की आतून तापतो, पिवळा पडतो, आणि मग तो ढीग कुणाच्या बापाला सुधारता येत नाही. एवढं ध्यानात ठेवा. जिनिंगचं बाकी काही कळलं नाही तरी चालेल.

लोक मला चांगला माणूस समजतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच खुपतं. मी निवृत्त झालो तेव्हा शेठनी शाल-नारळ दिला आणि चार माणसांत म्हणाले, मामांनी यार्डातली माणसं लेकरासारखी सांभाळली. यार्डात सगळे मला मामा म्हणत. मी खाली मान घालून बसलो. लोकांना वाटलं, काय नम्र माणूस आहे.

बालाजीबद्दल सांगायचंय मला. इकडं तिकडं फिरतोय मी, कळतंय मला ते.

बालाजी आमच्याकडं ग्रेडर म्हणून आला तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. झरीकडचा. आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे. ग्रेडर म्हणजे गाडी आली की कापसात हात घालून त्याची प्रत ठरवणारा माणूस. मी आयुष्यात पुष्कळ ग्रेडर बघितले, पण असा हात बघितला नाही. कोपरापर्यंत हात आत घालायचा, मूठभर कापूस काढायचा, बोटांत धागा ओढून बघायचा आणि शांतपणे सांगायचा — वरचा कोरडा हाय, खाली पाणी मारलंय. ओल मोजायचं यंत्र मागाहून तेच सांगायचं. एरवी ग्रेडरशी हुज्जत घातल्याशिवाय कास्तकाराला घास गोड लागत नाही, पण बालाजीपुढं ते गप्प बसायचे. त्यानं कुणाला खोटं पाडलं नाही आणि कुणाची भीडही धरली नाही.

आणि तरी पहिल्या पंधरवड्यात त्यानं तीन गाड्या चुकीच्या ढिगावर पाठवल्या. तेव्हा ढिगांवर पत्र्याच्या पाट्या असायच्या, अक्षर आणि आकडा रंगवलेल्या. ग्रेडरनं चिठ्ठीवर पाटीचा नंबर लिहायचा, ड्रायव्हरनं तिकडं गाडी न्यायची. बालाजी तोंडानं बरोबर सांगायचा आणि चिठ्ठीवर भलतंच लिहायचा. बारावी पास म्हणून घेतलेला माणूस. मला तर वाटलं, दुपारी पिऊन येतो की काय.

मग एक दिवस त्याची धाकटी बहीण मला भेटायला आली. सुनीता तिचं नाव. तिकडंच एका शाळेत शिकवायची. भावाला बाहेर थांबवून एकटीच आत आली, खुर्चीवर बसायलाही तयार नाही. म्हणाली, "मामा, आमी दोघंबी आईबापासंगं उसाच्या फडावर जायचो. शाळा दोघांचीबी सारखीच बुडाली. मला वाचाया आलं, ह्याला न्हाई आलं. लोक म्हणले, पोरगं फडावर वाया गेलं. तसं न्हाई हो ते."

परभणीला डॉक्टरकडं दाखवून आणलं होतं तिनं त्याला. डिस्लेक्सिया. हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. अक्कल कमी नसते, नजर कमी नसते, फक्त लिहिलेली अक्षरं-आकडे डोक्यात जागेवर बसत नाहीत. बारावी त्यानं पाठांतराच्या जोरावर तिसऱ्या खेपेला काढली होती. वर ती हेही म्हणाली की हा आजार नव्हे, हे वयाबरोबर वाढत नाही. माणसाची ठेवणच तशी असते. त्याला तोंडी सांगा, रंगानं सांगा, म्हणजे तो कुठं चुकायचा नाही. आणि हात जोडून एकच गोष्ट मागितली — हे कुणाला सांगू नका आणि चारचौघांत त्याला कधी वाचायला लावू नका. शाळेत मास्तरांनी त्याला फार वेळा उभं केलं होतं.

मी शब्द दिला. अगदी मनापासून दिला. ते खोटं नव्हतं, तेवढं मला म्हणू द्या.

दुसऱ्या दिवशी बायकोच्या तीन जुन्या साड्या मागून आणल्या, फाडल्या आणि बांबूच्या काठ्यांना बांधून ढिगांवर रोवल्या. चांगल्या कापसावर हिरवा, मध्यमवर पिवळा, ओल्यावर लाल. चिठ्ठ्या बंद. आत माल जाईल तशा ढिगांच्या जागा दिवसातूनही बदलायच्या, झेंडा सांगेल तोच ढीग खरा. बालाजी वजनकाट्याजवळच्या ओट्यावर उभा राहायचा, कापूस बघायचा, झेंड्याकडं नजर टाकायचा आणि ड्रायव्हरला हात करून ढीग दाखवायचा. ऑफिसातल्या कारकुनाला फोनवर बोलून निरोप पाठवायचा, तो ऐकून लिहून घ्यायचा. मदत म्हणाल तर एवढीच. एका दुपारचं काम. आमच्या निम्म्या ड्रायव्हरांनाही पाट्या नीट वाचता येत नव्हत्या, त्यामुळं त्यांचीही सोय झाली. दोन हंगाम एक गाडी इकडची तिकडं गेली नाही.

शेठनी विचारलं, ही झेंड्यांची अक्कल कुणाची? मी म्हणालो, माझी. बालाजीचं गुपित राखायचं म्हणून तसं म्हणालो, असं मी स्वतःला सांगितलं. पण शाबासकी घेताना गुदगुल्या झाल्याच की.

तिसऱ्या हंगामात, ऐन जानेवारीत, दक्षिणेकडच्या एका सूतगिरणीची माणसं यार्ड बघायला येणार होती. मोठं गिऱ्हाईक. आदल्या दिवशी शेठचा मुलगा — नुकताच शिकून आलेला — यार्डात फिरता फिरता हसून म्हणाला, "मामा, ही काय जत्रा भरवलीय?" बस. तेवढं एक वाक्य. त्या साड्यांचे काठ, ती विटलेली फुलं एकदम माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. दोन वर्षं ज्यांचा मला अभिमान होता त्यांची मला लाज वाटली. माणसाची लाज कशी उलटी असते बघा, जिथं वाटायला पाहिजे तिथं वाटत नाही.

पाहुणे यायच्या आधी मी झेंडे उपटले. ओल्या कापसाच्या ढिगावर ताडपत्री टाकली, आणि तो एकटाच झाकलेला दिसू नये म्हणून शेजारच्या चांगल्या ढिगावरही टाकली. बालाजीला लवकर जेवायला घालवून दिलं. पाहुण्यांनी त्याच्या हातात एखादा कागद दिला तर पंचाईत, म्हणून घालवला असं म्हणू का? नाही. माझीच अब्रू मला सांभाळायची होती.

पाहुणे आले, चहा पिऊन, हात मिळवून गेले. फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवून बेजार करत होते. मी घाईघाईनं झेंडे परत रोवले. दोन्ही ढीग ताडपत्रीखाली सारखेच दिसत होते. लाल झेंडा मी चांगल्या ढिगावर रोवला. हिरवा ओल्यावर.

बालाजी जेवून आला, ओट्यावर उभा राहिला आणि रोजच्यासारखा हात करायला लागला. झेंडे बघायचा, ढीग दाखवायचा. गड्यांनी ताडपत्र्या मागं सारल्या आणि तो दाखवील तिथं कापूस ओतला. दीड-दोन तासांत पाच ट्रॉल्या.

चार वाजता मी त्या बाजूनं गेलो आणि सहज ढिगात हात घातला. हिरवा झेंडा वर, आणि हाताला थंड, ओला कापूस. पाचावर धारण बसली माझी. तेव्हा मी काय करायला पाहिजे होतं, हे तुम्हीही सांगाल. ओरडायचं. गाड्या थांबवायच्या. नवा कापूस अजून नुसता वर पडलेला होता, दहा माणसं लावली असती तर अंधार पडायच्या आत वरचा थर उचलून वेगळा झाला असता. शेठनी मला शिव्या घातल्या असत्या, त्यांच्या मुलानं तोंड वाकडं केलं असतं. दुसऱ्या दिवशी सगळं विसरलं गेलं असतं.

मी आजूबाजूला बघितलं. दोन्ही झेंडे उपटले आणि जागा बदलून नीट रोवले. कुणी बघितलं नसेल असं नाही, पण सुपरवायझरच्या हातात काठी असली तर तिच्याकडं कोण लक्ष देतं? मग मी हात धुतले आणि ऑफिसात जाऊन बसलो.

तिसऱ्या दिवशी मशिनीवरून ओरड आली. चांगल्या ढिगातला कापूस गरम लागतोय, ओला लागतोय. शेठ स्वतः आले, बाही वर करून त्यांनी ढिगात हात घातला आणि काढला तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. गिरणीला द्यायचा तोच माल होता. यार्डातली चाळीसेक माणसं गोळा केली त्यांनी. गडी म्हणाले, बालाजीनं हात केला तिथं आमी ओतलं. खरंच होतं ते. झेंडे बघितले, तर झेंडे आपापल्या जागी.

बालाजी माझ्याकडं बघत होता. संशयानं नव्हे. आता मामा बोलतील आणि काय झालं ते सांगतील, अशा भरवशानं.

आणि मामा बोलले. मी म्हणालो, शेठ, ह्याला वाचायचा आजार आहे. अक्षर ओळखू येत नाही ह्याला. म्हणून तर मी हे झेंडे लावले होते — आता रंगही चुकायला लागलेला दिसतोय. माणुसकीपोटी ठेवला होता मी ह्याला.

माणुसकीपोटी. हा शब्द मी वापरला. केसानं गळा कापणं म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं?

शेठच्या मुलानं कारकुनाच्या हातातलं वर्तमानपत्र घेतलं आणि बालाजीपुढं धरलं. वाच म्हणाला. ज्या गोष्टीसाठी एका बहिणीनं माझ्यापुढं हात जोडले होते, ती माझ्यापासून दोन हातांवर घडत होती. मी एक शब्द बोललो असतो तर थांबली असती. बालाजीनं कागद दोन्ही हातांनी धरला. पहिला शब्द तीनदा सुरू केला. त्याच्या कपाळावर जानेवारीत घाम आला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग त्यानं वर्तमानपत्राची नीट घडी घातली, कारकुनाला परत दिली आणि म्हणाला, "येत न्हाई मला."

त्याला त्याच दिवशी काढलं. मी शेठना म्हणालो, हमालीवर तरी ठेवा. शेठ मला म्हणाले, मामा, तुमचं काळीज लय मोठं आहे. बालाजी हमालीला आला नाही.

तुम्हाला वाटेल, झालं, आता सांगून झालं. मलाही इथंच थांबावंसं वाटतंय. इथवरचं मी मनातल्या मनात पुष्कळ वेळा सांगितलंय — घाबरलो होतो, घाई झाली, तोंडातून निघून गेलं. पुढचं तसं सांगता येत नाही.

चार दिवसांनी, सकाळी, बालाजी माझ्या घरी आला. बायकोनं चहा दिला. तो पेला हातात धरून बसला, पिईना. मला वाटलं, नोकरीचं विचारील. किंवा मी सगळ्यांपुढं का बोललो ते विचारील. मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यानं त्यातलं काहीच विचारलं नाही.

"मामा," तो म्हणाला, "अक्षरं तर मला कळतच न्हाईत, ते मला ठावं हाय. पर रंग कवाच चुकले न्हाईत हो माझे. ल्हानपणापासून एकदाबी न्हाई. मंग त्या दिशी कसं काय झालं? मी लाललाच हिरवं म्हणलो का खरंच?"

तो भांडायला आला नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. चार दिवस तो एकच गोष्ट घोकत बसला असणार — आपल्या डोळ्यांवर आता किती विश्वास ठेवायचा? जन्मभर लोकांनी त्याला सांगितलं होतं की तुला दिसतं ते चूक आहे, आणि त्यानं ते अक्षरांपुरतं मान्य केलं होतं. रंग तेवढे त्याचे स्वतःचे होते. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघंच होतो, बायको आत होती. एवढं सोपं होतं. शेठना सांगायची गरज नव्हती, त्याची नोकरी परत मिळायचीही नव्हती. नुसतं एवढंच म्हणायचं होतं — तू चुकला नाहीस, बालाजी, झेंडा मी चुकीचा लावला होता.

मी म्हणालो, "होतं असं. वाढत जातो हा आजार. आज अक्षरं, उद्या रंग."

सुनीतानं मला स्पष्ट सांगितलं होतं की हे वाढत नाही. मला माहीत होतं. माहीत असून म्हणालो. आणि तो घरी जाऊन तिला विचारील, म्हणून वर हेही म्हणालो की बहिणीला सांगू नकोस, उगाच घोर लागेल तिला.

त्यानं मान हलवली. चहा एका घोटात संपवला, पेला मोरीत नेऊन ठेवला आणि गेला. जाताना म्हणाला, "बरं झालं इचारलं. डोक्यात लय घोळायलं होतं."

यार्डात पत्र्याच्या पाट्या परत आल्या. नोकरीला येणाऱ्या प्रत्येकाला शेठचा मुलगा आधी वर्तमानपत्र वाचायला लावू लागला. दोघं-तिघं फाटकावरूनच परत गेलेले मी बघितले. त्यांच्यातलं कोण काय होतं, त्यांचे हात कसे होते, कुणाला कळणार?

माझी मुलगी सोनपेठला दिली आहे. गेल्या वर्षी तिच्याकडं गेलो तेव्हा आठवडी बाजारात बालाजी भेटला. त्याची सासुरवाडी तिकडचीच. आईबापांसारखाच आता तोही उसाला जातो. रापलाय, पण आवाज तसाच शांत. मी टाळून जाणार होतो, त्यानंच हाक मारली. गुडघा कसा आहे विचारलं. त्याची पोरगी पहिलीत जायला लागली होती, तिच्यासाठी तो रिबिनी घ्यायला आला होता. शाळेत लाल रिबीन लागते. त्याच्या हातात रिबिनीची गुंडाळी होती आणि तो दुकानदाराला काहीतरी विचारणार, तेवढ्यात मी दिसलो होतो.

"बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "ही लालच हाय न्हवं, मामा?"

लालभडक होती ती. चार दुकानांपलीकडून कुणीही सांगितलं असतं. त्यानं ती माझ्यापुढं धरली होती आणि तो माझ्या तोंडाकडं बघत होता, रिबिनीकडं नाही.

मी म्हणालो, हो, लालच आहे.

तो हसला. म्हणाला, घरातलीला न्हाईतर पोरीला इचारून घेतो मी आता, सोबत कुणी नसलं की पंचाईत हुती. तुमी म्हणलात म्हंजे झालं. रिबीन खिशात घातली आणि बाजारात दिसेनासा झाला. त्या वेळीसुद्धा मी बोललो नाही. गर्दी होती, घाई होती असं म्हणता येईल, पण तसं काही नव्हतं. आम्ही पाच मिनिटं निवांत उभे होतो.

बालाजी हे त्याचं खरं नाव नाही. सुनीताचंही मी बदललं आहे, कारण ती वाचते. हे तिच्या हाती पडलं तर तिला माणसं ओळखू येऊ नयेत, एवढी काळजी मी घेतली आहे. फोनमध्ये आवाज भरूनही हे सांगता आलं असतं, बालाजीला तसं ऐकायची सवय आहे. मी लिहून काढलं. तो वाचू शकत नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं.